बेवारस यूजर

या पुस्तिकेचा विषय एका वाक्यात मावतो: रात्री आपोआप चालणारी कामं ज्या यूजरच्या नावाने चालतात तो यूजरच लॉक झाला तर काय करायचं, आणि तो लॉक होऊ नये म्हणून आधी काय करून ठेवायचं. एवढ्यासाठी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारेल. लॉक काढायला अर्धा मिनिट पुरतो. खरं आहे, पण तो अर्धा मिनिट रोज सकाळी खर्च करणारी माणसं मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या नागरी बँकांत, पतसंस्थांत, साखर कारखान्यांच्या हिशेब विभागांत पाहिली आहेत. "सर, तो बॅचचा यूजर पुन्हा पडला बघा, तेवढा अनलॉक मारून द्या की," हे फोनवर इतकं नेहमीचं झालेलं असतं की त्यात काही बिघाड आहे असं सांगणाऱ्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही.

संगणकात कुठलंही काम कुणाच्या तरी नावाने चालतं. कॅशियर सकाळी स्वतःच्या नावाने आत शिरतो, शाखाधिकारी स्वतःच्या. पण रात्री दीड वाजता व्याजाची आकारणी सुरू होते तेव्हा खुर्चीत कुणी नसतं. त्या कामालाही नाव आणि पासवर्ड लागतो, म्हणून माणूस नसलेला एक यूजर तयार करतात. पुस्तकात त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. आपल्याकडे बॅच यूजर किंवा नुसतं सिस्टीम यूजर. त्याला रजा नाही, बदली नाही, निवृत्ती नाही, आणि तोंडही नाही. 'तुमचा पासवर्ड सात दिवसांत संपेल' असं पडद्यावर आलं की माणूस कुरकुरत का होईना तो बदलतो. यंत्राच्या यूजरला हाच इशारा मिळतो तेव्हा तो एखाद्या लॉग फाइलच्या पोटात जाऊन बसतो. ती फाइल कुणी उघडत नाही. डिस्क भरली की पुसतात तेवढी.

रात्रीच्या कामांची यादी समजली जाते त्याहून बरीच लांब आहे. डे-एंड सगळ्यांना माहीत असतं: दिवसाचे व्यवहार बंद करायचे, शाखांचा ताळा जुळवायचा, व्याज लावायचं, थकलेली कर्जं एनपीएत टाकायची, मग पुढच्या तारखेचा दिवस उघडायचा. १ एप्रिल २०१० पासून व्यापारी बँका बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरत. एका नियमाने महिन्याचं काम रोजचं झालं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ तुकड्यांत. आरटीजीएसही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएचच्या, म्हणजे एकगठ्ठा जमा-वसुलीच्या, फायली रविवारी नि सणावारीही येतात. रविवारी बिघडलेलं सोमवारी दुपारपर्यंत निस्तरायची जी सोय होती ती त्या दिवशी संपली.

बँकेबाहेरही तेच. लातूर हा ऊसवाल्यांचा जिल्हा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर उशिराच्या काळावर दरसाल १५ टक्के व्याज. वजनकाट्याच्या नोंदींवरून बिलं तयार करणं, सोसायटीची कर्जवसुली वजा करणं, उरलेल्या रकमेची फाइल बँकेकडे पाठवणं, हे रात्रीच्या बॅचचं काम. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत, आणि एवढ्या महाविद्यालयांचे निकाल हाताने लावायचे दिवस कधीच गेले. सरकारी हप्त्यांची तर रीघ लागली आहे: पीएम किसान २०१९ पासून, नमो शेतकरी महासन्मान २०२३ पासून, लाडकी बहीण २०२४ पासून. आधारशी जोडलेल्या खात्यांत हे पैसे फायलींच्या रूपाने येतात. ती फाइल उतरवून खात्यांत पोस्ट करणारा यूजर रात्री लॉक झाला, तर सकाळी कंधारच्या नाहीतर निलंग्याच्या शाखेत एखादी बाई पासबुक पुढे करते आणि कॅशियर सांगतो, "मावशी, पैसे आलेच नाहीत." पैसे बँकेपर्यंत आलेले असतात. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या पडद्यावर तेच दिसत असतं.

मग असलं कुलूप ठेवावंच कशाला? चोर खरे आहेत म्हणून. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बहुतेक देशोदेशीच्या एटीएममधून काढले गेले, काही स्विफ्टमार्गे हाँगकाँगला. २०२१ च्या जानेवारीत हे संकट आपल्या दाराशी आलं: नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रक्कम परस्पर वळवली गेली. यातली कुठली चोरी लॉकच्या नियमाने थांबली असती असं मी म्हणत नाही. पासवर्डचे अंदाज मारत बसणारा चोर हा चोरांतला सगळ्यात साधा प्रकार, आणि कुलूप तेवढ्यालाच अडवतं. पण बँकांच्या मनात भीती बसली ती अशा घटनांनी. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पायऱ्यांची. चौकटी योग्य होत्या. त्या तालुक्यापर्यंत पोचल्या त्या मात्र घाईघाईत. ऑडिटच्या यादीत 'पासवर्ड धोरण आहे का?' असा रकाना होता. सल्लागाराने कुठल्याशा मोठ्या बँकेचं धोरण उतरवून दिलं, संचालक मंडळाने ठराव केला, आणि पाच चुकांनंतर लॉक, दर ४५ नाहीतर ९० दिवसांनी नवा पासवर्ड, असा नियम सरसकट सगळ्या यूजरना लागला. जो नियम कॅशियरला, तोच डे-एंडला. रकाना भरला गेला आणि लॉक पडायला लागले.

लॉकच्या नियमात मुख्य आकडे तीन: किती चुका चालतील, लॉक किती वेळ राहील, आणि किती वेळाने चुकांची मोजणी शून्यावर येईल. समजा ५ चुका आणि ३० मिनिटांचा लॉक. माणूस दोन-तीनदा चुकला की थांबतो, वैतागतो, शेजारच्याला विचारतो. यंत्र थांबत नाही. दर मिनिटाला नव्याने प्रयत्न करणारं एखादं काम जुना पासवर्ड घेऊन बसलं असेल, तर पाच मिनिटांत लॉक, अर्ध्या तासाने आपोआप सुटका, पुन्हा पाच मिनिटांत लॉक. पस्तीस मिनिटांच्या या फेऱ्यात यूजर उघडा असतो तो जेमतेम पाच मिनिटं. त्याच यूजरवर चालणारी बाकीची कामं, ज्यांच्याकडे पासवर्ड बरोबर आहे, ती या फटीत सुरू झाली तर होतात, नाहीतर नाही. शिवाय मध्येच कुणी बरोबर पासवर्डने आत गेलं की मोजणी पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे फेऱ्याला नियमितपणाही उरत नाही. एक तुकडी जाते, पुढच्या दोन अडकतात, चौथी जाते. मग सगळे लाइनला दोष देतात. आपल्याकडे लाइनला दोष देणं सोपं आहे, कारण बहुतेक वेळा ती दोषी असतेच.

याहून अवघड गोष्ट अशी की लॉक पासवर्ड बदलला त्याच दिवशी पडेल असं नाही. पुस्तिकेतलं हे प्रकरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ज्यांनी वर्षानुवर्षं लॉक काढले त्यांनाही यातलं बरंचसं नवीन असेल. एखादी सर्व्हिस एकदा सुरू झाली की सुरू होतानाची ओळख धरून पुष्कळ दिवस चालत राहू शकते. डेटाबेसशी उघडलेली जोडणीही तशीच. समजा पासवर्ड मार्चमध्ये बदलला, सगळं सुरळीत चाललं. मेमध्ये वळवाच्या वादळात रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, जनरेटर चालू करायला कुणी नव्हतं. सर्व्हर पडला, पहाटे उठला, आणि उठताना एका सर्व्हिसने जवळचा जुना पासवर्ड काढला. सकाळी सगळे वादळाला बोल लावतात. बिघाड मात्र मार्चमधला असतो.

विंडोजच्या डोमेनमध्ये यावर आणखी एक वळसा आहे. चुकीचा पासवर्ड जर त्याच यूजरच्या पासवर्ड-इतिहासातल्या शेवटच्या दोनांपैकी असेल, तर ती चूक मोजणीत धरली जात नाही. कालच पासवर्ड बदललेला माणूस सवयीने जुनाच टाइप करतो, त्याच्यासाठी ठेवलेली ही सवलत आहे, आणि माणसासाठी ती चांगलीच आहे. पण कोपऱ्यात विसरून गेलेलं एखादं काम या सवलतीच्या आडोशाला रोज नापास होत राहतं आणि लॉक मात्र पडत नाही. पुढच्या एक-दोन बदलांनंतर तो पासवर्ड इतिहासातून मागे सरकतो, सवलत संपते, आणि एका सकाळी अचानक लॉकची माळ लागते. शोधणारा कालचा बदल तपासत बसतो. चूक सहा महिन्यांपूर्वीची.

ऑरॅकल डेटाबेसवाल्यांची तऱ्हा निराळी. अकराव्या आवृत्तीपासून त्याच्या मूळ प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस, चुका १० आणि लॉक एक दिवसाचा ठरलेला असतो. बसवताना तिकडे कुणी पाहिलं नाही, तर नवी प्रणाली सहा महिने गोडीगुलाबीने चालते आणि नंतर एका रात्री अडते. ओआरए-२८००० म्हणजे लॉक, ओआरए-२८००१ म्हणजे मुदत संपली. हे दोन आकडे आपल्या भागातल्या कित्येक ऑपरेटरना स्वतःच्या मोबाइल नंबरासारखे पाठ आहेत. रेड हॅट पठडीच्या लिनक्सवर आणखी वेगळं: क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड विचारावा लागत नाही, तरी यूजरच्या पासवर्डची मुदत संपली असेल तर क्रॉन त्याचं काम सुरूच करत नाही. तिथे लॉक शोधून सापडणार नाही, कारण लॉक पडलेलाच नसतो.

लॉकसारखं दिसणारं पण लॉक नसलेलं आणखी एक दुखणं इथे नोंदवतो, कारण ते खास आपल्या हवेतलं आहे. विंडोज डोमेनची ओळखपरेड दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक सहन करते, त्यापुढे नाही. जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असतो, वीज जाते, सर्व्हर उठतो तो भलतीच तारीख घेऊन, आणि पासवर्ड बरोबर असूनही त्याला आत घेतलं जात नाही. लोक पासवर्ड बदलतात, आणि त्याने खरोखरीचे लॉक सुरू होतात. केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा आणि लॉग १८० दिवस जपा असं सांगितलं, ते सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी. पण हे दोन्ही नीट केलं तर रात्रीच्या बॅचचे अर्धे रोग तिथेच कळतात.

आता मुळाशी येऊ. जुन्या वाड्याच्या दिंडीचं कुलूप बदललं तर नवी किल्ली प्रत्येक बिऱ्हाडाला पोचवावी लागते. एकाला राहिली की तो रात्री येऊन दार बडवतो आणि सगळा वाडा जागा होतो. बॅच यूजरचं नेमकं तेच आहे, फक्त किती बिऱ्हाडं आहेत हे कुणाला ठाऊक नसतं. एकच पासवर्ड टास्क शेड्युलरमध्ये असतो, दोन-तीन सर्व्हिसेसमध्ये असतो, डेटाबेस लिंकमध्ये असतो, कुणीतरी हौसेने लिहिलेल्या बॅट फाइलमध्ये असतो, नेटवर्क ड्राइव्ह जोडताना 'लक्षात ठेवा' म्हणून टिकमार्क केलेला असतो, लेखा विभागातल्या एका एक्सेलच्या मॅक्रोत असतो. आणि डीआर साइटवर असतो. राखीव सर्व्हरवर जुनी शेड्यूल्स तशीच जिवंत असतात; डीआर ड्रिल करायची म्हणून वर्षातून एकदा तो चालू होतो आणि मुख्य यूजरला लॉक करून मोकळा होतो. उदगीर बाजूच्या एका संस्थेत लॉक पाडणारा संगणक सापडला तो टेबलाखाली, धूळ खात, फक्त पावत्या छापायला ठेवलेला. त्यावर जुन्या व्हेंडरच्या पोराने कधीतरी चाचणीसाठी एक टास्क लावून ठेवलं होतं. ते पोरगं नोकरी सोडून पुण्याला गेलं होतं. टास्क कामावर हजर होतं.

असा दोषी शोधणं अवघड नसतं, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं. विंडोजमध्ये लॉकची नोंद ४७४० या क्रमांकाने होते, आणि तिच्यात चुकीचा प्रयत्न कुठल्या संगणकावरून आला त्याचं नाव असतं. डोमेन कंट्रोलर अनेक असतील तर पीडीसी एम्युलेटरची भूमिका ज्याच्याकडे आहे तिथे ती हमखास सापडते. मग त्या संगणकावर जाऊन ४६२५ क्रमांकाची नोंद पाहिली तर बहुतेकदा कुठल्या प्रोग्रॅमने पासवर्ड दिला तेही कळतं. लिनक्सवर 'फेललॉक' ही आज्ञा तेच सांगते, ऑरॅकलमध्ये ऑडिटच्या नोंदी. यातलं काहीही पाहायला पंधरा मिनिटांहून जास्त लागत नाहीत. ती पंधरा मिनिटं न देता वर्षभर अर्धा-अर्धा मिनिट दिला जातो.

चुकीच्या उपायांवर पुस्तिकेच्या लेखकांनी एक आख्खं प्रकरण दिलं आहे आणि ते थोडं सौम्य झालं आहे असं माझं मत. सगळ्यांत हुशार चुकीचा उपाय म्हणजे दर दहा मिनिटांनी लॉक आपोआप काढणारी स्क्रिप्ट. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी ते लिहिणाऱ्याला त्याचा अभिमान होता. या जुगाडाने चुकीचा पासवर्ड देणारं काम लपतं, खरा हल्ला झाला तर तोही लपतो, आणि ती स्क्रिप्ट चालवायला आणखी एक, जास्त अधिकारांचा यूजर लागतो. तोही उद्या लॉक होऊ शकतो. दुसरा लाडका उपाय म्हणजे सगळी कामं ॲडमिनिस्ट्रेटरच्याच नावाने चालवायची. का, तर तो लॉक होत नाही असा समज. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या उपायाबद्दल मात्र माझं मत लेखकांपेक्षा वेगळं आहे. बॅच यूजरला लॉकच्या नियमातून वगळणं त्यांनी सरळ चूक ठरवलं आहे. मला ते इतकं सरळ वाटत नाही. कुलूप हा कच्च्या पासवर्डला दिलेला टेकू आहे. यंत्राला पासवर्ड पाठ करायचा नसतो. तो चाळीस-पन्नास अक्षरांचा, कशाही अक्षरांचा असू शकतो, आणि असा पासवर्ड अंदाजाने कुणी मारू शकत नाही, पाच प्रयत्नांत नाही आणि पाच लाखांतही नाही. अशा यूजरला लॉक ठेवून सुरक्षितता फारशी वाढत नाही. उलट बाहेरच्याला काम बंद पाडायचं साधन मिळतं. २००८-०९ मध्ये कॉन्फिकर या किड्याने नेमकं हेच केलं. तो पसरताना पासवर्डच्या यादीतला एकेक शब्द लावून पाहायचा, आणि जगभर कार्यालयांतले यूजर धडाधड लॉक व्हायचे. कित्येकांना व्हायरस आल्याचं कळलं ते लॉकमुळेच, हा भाग वेगळा. अमेरिकेच्या एनआयएसटीने २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती नको असं म्हटलं आणि चुकांची मर्यादा शंभरपर्यंत चालेल असं सांगितलं. कार्ड व्यवहारांचे पीसीआय नियम त्याच कामासाठी दहाची मर्यादा नि किमान अर्ध्या तासाचा लॉक मागतात. शहाण्यांतच एकमत नसताना तालुक्याच्या बँकेने पाचचा आकडा जपमाळेसारखा धरून बसू नये. मात्र माझ्या मताला एक अट आहे, आणि ती मोडली तर माझं नाव घेऊ नये: पासवर्ड खरोखर लांबलचक हवा, त्या यूजरने माणसाला आत शिरता येता कामा नये, तो ठरलेल्या सर्व्हरवरूनच चालला पाहिजे, आणि प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाचा इशारा कुणाच्या तरी फोनवर गेला पाहिजे. पासवर्ड बँकेच्या नावापुढे ॲट आणि एक-दोन-तीन असा असेल, तर कुलूप राहू द्या. ते एकटंच काम करतंय.

योग्य उपाय रुक्ष आहेत आणि पुस्तिकेत ते सविस्तर आहेत, मी नुसता हात लावतो. पहिल्याला खर्च शून्य: पासवर्ड चुकला तर कामाने पुन्हा प्रयत्न करू नये. लाइन तुटली तर दहादा प्रयत्न करावा, पण 'पासवर्ड चूक' हे उत्तर आलं की थांबावं आणि ओरडावं. दर मिनिटाला तोच चुकीचा पासवर्ड दिल्याने तो बरोबर होत नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना सांगावं लागतं. दुसरा, एका कामाला एक यूजर. उसाच्या बिलाचा यूजर लॉक झाला म्हणून पगार अडायचं कारण नाही. तिसरा, जिथे शक्य तिथे पासवर्ड माणसाच्या हातातच ठेवू नये. विंडोज सर्व्हर २०१२ पासून असे गट-सेवा यूजर करता येतात की ज्यांचा पासवर्ड डोमेन स्वतःच दर तीस दिवसांनी बदलतं आणि ठरवून दिलेल्या सर्व्हरनाच देतं. कुणाला तो कळत नाही, म्हणून कुणी तो चुकीच्या ठिकाणी लिहूनही ठेवत नाही. दशक उलटून गेलं, आपल्याकडे हे वापरणाऱ्या संस्था बोटांवर मोजण्याइतक्या. चौथा ऑरॅकलवाल्यांसाठी: एकविसाव्या आवृत्तीत, आणि नंतर एकोणिसाव्याच्या १९.१२ पासून, जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड काही काळ एकाच वेळी चालतील अशी सोय आली आहे. तेवढ्या मुदतीत एकेक ठिकाण शांतपणे बदलता येतं. वाड्यातली बिऱ्हाडं सापडायला याहून सोपा रस्ता नाही, कारण जुनी किल्ली कोण अजून वापरतंय तेही नोंदीत दिसतं.

पण हे सगळं तंत्र त्या एका गोष्टीवाचून लंगडं आहे, जिच्यावरून मी या प्रस्तावनेला नाव दिलं. बॅच यूजरला वारस नसतो. तो कुणी तयार केला ते विचारलं तर उत्तर येतं, "आधीपासून आहे." कशासाठी आहे? "काढला तर काहीतरी बंद पडतं." पगारपत्रकातल्या प्रत्येक माणसाची सेवापुस्तिका असते, लाखो रुपयांची रोज उलाढाल करणाऱ्या या यूजरचं एक पान नसतं. याउलटही होतं: रात्रीचं काम व्हेंडरच्या माणसाने स्वतःच्याच नावावर चालवलेलं असतं. तो राजीनामा देतो, नियमाप्रमाणे त्याचा यूजर बंद होतो, आणि त्या रात्री डे-एंड होत नाही. नियम पाळणाऱ्यावरच मग ओरडा होतो. व्हेंडरांबद्दल मला जास्त बोलायचं नाही. ज्याच्या करारात रात्रीच्या बिघाडाला भेटीमागे पैसे आहेत, त्याने बिघाडाचं मूळ शोधावं ही अपेक्षा आपण कुठल्या आधारावर करतो, एवढाच प्रश्न संचालकांनी करार सही करताना स्वतःला विचारावा.

म्हणून लेखकांनी दिलेला नमुना तक्ता मला पटतो. यूजरचं नाव, काम, जबाबदार माणूस आणि त्याच्या रजेतला बदली माणूस, पासवर्ड कुठे कुठे ठेवला आहे त्या जागा, शेवटचा बदल, पुढचा बदल, आणि काम अडलं तर कुणाचं नुकसान. शेवटचा रकाना भरताना लोक अडखळतात असं लेखक म्हणतात. माझाही अनुभव तोच. तो रकाना भरला की पासवर्ड बदलायची तारीख कुठली नको ते आपोआप ठरतं: ३१ मार्चच्या आठवड्यात नाही, गाळप हंगामात बिलाच्या आदल्या दिवशी नाही, निकालाच्या तोंडावर नाही, शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच.

रात्रीची बॅच एकदा चुकली तर ती दुसऱ्या रात्री दुप्पट होऊन येते, हे नवख्या व्यवस्थापकांना खरं वाटत नाही. त्यांनी ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचं २०१२ चं प्रकरण वाचावं. तिथे कारण लॉक नव्हतं, बॅच लावणाऱ्या प्रणालीची बदललेली आवृत्ती नीट बसली नव्हती. पण एकदा साखळी तुटल्यावर ६५ लाख ग्राहकांना झळ बसली, शिल्लक चुकीची दिसू लागली, पगार अडकले, आणि २०१४ मध्ये तिथल्या दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. एवढ्या मोठ्या बँकेचं हे झालं. आपल्याकडे शाखेसमोर रांग लागते.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगायला हवं. क्लाउडवरच्या सेवांचे यूजर यात नाहीत. तिथे पासवर्डऐवजी टोकन नि प्रमाणपत्रं चालतात आणि त्यांच्या मुदती संपण्याचं शास्त्र निराळं आहे. कोअर बँकिंग भाड्याने घेतलेल्या छोट्या पतसंस्थांना यातली अर्धी प्रकरणं थेट लागू नाहीत, कारण त्यांचे सर्व्हर त्यांच्याकडे नसतात. पण त्यांनी तक्त्याचं प्रकरण वाचून सेवा देणाऱ्या कंपनीला तेच रकाने भरून मागावेत, तो त्यांचा हक्क आहे. आणि गावपातळीवरच्या विकास संस्थांचा, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थांचा, उल्लेख यात फक्त एकदा येतो, ही मला उणीव वाटते. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. आजवर खतावणी हाताने लिहिणारे गटसचिव आता पासवर्ड सांभाळू लागले आहेत, आणि एकेका सचिवाकडे दोन-तीन गावं असतात. त्यांच्यासाठी वेगळी, पातळ आवृत्ती लेखकांनी काढावी. तोवर गटसचिवांनी डोमेनचं प्रकरण सोडून द्यावं, तक्त्यापासून सुरुवात करावी, आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घालावं.